विटांच्या रांगेबाहेरची क्लेमाटिस

छावणी कुठल्याही राज्यातली असो, तिची बाग लांबून ओळखू येते. तिरप्या रोवलेल्या विटा, त्यांना चुना-गेरू, आत झेंडू आणि साल्व्हिया, आणि रोपांची ड्रेसिंग अशी की हवालदार मेजरलाही खोट सापडू नये. मला ही व्हिक्टोरियन इंग्लंडची देणगी वाटते. तिकडे एकोणिसाव्या शतकात काचघरात रोपं वाढवायची, उन्हाळ्यात वाफ्यात नक्षीसारखी मांडायची आणि मोसम सरला की उपटून टाकायची, अशी रीत होती. अशा वाफ्यात कधीच न बसलेल्या एका झाडाची ही हकीगत.

क्लेमाटिस म्हणजे आपल्या मोरवेलीचं कुळ. पावसाळा सरताना सह्याद्रीत झुडपांवर पांढरी रानजाई पसरते, ती त्यातलीच. कुमाऊँ-हिमाचलात पोस्टिंग झालेल्यांनी एप्रिल-मे महिन्यांत झाडांवर पांढऱ्या फुलांची चादर पाहिली असेल. ती क्लेमाटिस मोंटाना. गव्हर्नर जनरलची बायको लेडी अ‍ॅमहर्स्ट हिच्यामुळे ती १८३१ साली ब्रिटनमधल्या बागांत पोचली.

ही वेल चढते कशी, ते चार्ल्स डार्विननं १८६५ च्या निबंधात लिहून ठेवलंय. तिला तणावे नसतात. पानाचा कोवळा देठच काडीला लागला की वळतो, विळखा घालतो आणि पुढे कडक होतो. म्हणजे देठ हाच हात.

आता याच कुळातली क्लेमाटिस इंटेग्रिफोलिया बघा. युरोपातल्या कुरणांतली, निळ्या लवत्या घंटांची. लिनियसनं तिला हे नाव १७५३ मध्ये दिलं. हिच्या पानाला देठच नाही, पान थेट खोडाला बसलेलं. मग पकडणार कशानं? दोन-तीन फूट सरळ वाढते आणि फुलं आली की भारानं आडवी होते. पुढे १८७० च्या सुमारास फ्रान्समध्ये लियाँच्या ड्युरांड बंधूंनी तिचा संकर मोठ्या फुलांच्या वेलीशी केला. फुलं गडद निळी, तळहाताएवढी. उंची पाच-सहा फुटांपर्यंत. पण पकड मात्र आईचीच, म्हणजे नाहीच.

बांबूला सुतळीनं करकचून बांधली तर ती गवताच्या पेंढीसारखी दिसते. तिला टेकायला शेजार लागतो. फौजेत आपण ज्याला बडी म्हणतो, तसा.

ही शेजाराची गोष्ट बागकामात ठासून मांडली ती विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्यानं. त्याचं 'द वाइल्ड गार्डन' आलं तेही १८७० मध्येच, ज्या वर्षी सेदानला फ्रेंच फौजेनं हत्यारं टाकली. रांगा आणि काचघरं त्याला मुळीच मान्य नव्हती. झाडं टिकाऊ असावीत, एकमेकांत मिसळून वाढावीत, असा त्याचा आग्रह. भाषा इतकी तिखट की निम्म्या बागवाल्यांशी त्याचं भांडण. ससेक्समधल्या ग्रेव्हटाय मॅनर या आपल्या इस्टेटीत त्यानं क्लेमाटिस झुडपांतून आणि झाडांतून सोडल्या. १९०९ मध्ये पडल्यामुळे त्याच्या पाठीला दुखापत झाली आणि उरलेली पंचवीसेक वर्षं चाकांच्या खुर्चीत गेली. क्लेमाटिसवरचं त्याचं पुस्तक १९१२ चं, म्हणजे त्या खुर्चीतलंच. माजी सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रात कधी गेलात, तर हे तिथल्या मंडळींना जरूर सांगा. त्यांना माळ्यापेक्षा हा माणूस जास्त कळेल.

थंड डोंगरी छावणीत हे करून बघण्यासारखं आहे. पुण्या-नगरच्या उन्हात नको. या झाडाला कडक थंडीत पूर्ण झोपायची सवय आहे. विटांच्या रांगेबाहेर जुनं गुलाबाचं झुडूप किंवा किलमोडा निवडा. रोप अगदी बुंध्याशी नको, दीड-दोन फूट दूर लावा, नाहीतर झुडूप सगळं पाणी ओढतं. मुळांवर सावली, शेंड्यावर ऊन. कोवळे फुटवे हातानं झुडपात वळवून द्या, दर आठवड्याला एकदा पुरतं. हिवाळा संपता संपता वाळलेल्या काड्या जमिनीलगत छाटा. इन्स्पेक्शन जवळ आलं असेल तर माळ्याला आधीच सांगून ठेवा, की या काड्या मेलेल्या दिसल्या तरी मूळ उपटायचं नाही.