लंबक आणि नाडी

घड्याळ बिनचूक झाले, तरी संगीताची लय त्याच्या स्वाधीन झाली नाही. 1656 साली हॉलंडमध्ये क्रिस्तियान हायगेन्स याने लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. दिवसाकाठी पाव तास चुकणाऱ्या घड्याळांची चूक आता काही सेकंदांवर आली. पुढे 1696 साली एत्येन लूलिए या फ्रेंच संगीतज्ञाने लय मोजण्यासाठी सुमारे सहा फूट उंचीचे लंबकयंत्र वर्णिले. दोरी आखूड केली की झोका जलद होई, लांबविली की मंद.

परंतु हे मुके यंत्र वादकांत रुळले नाही. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा बासरीगुरू क्वांट्झ याने 1752 च्या आपल्या ग्रंथात, ते जवळ बाळगणे गैरसोयीचे, असे म्हणून मनगटातील नाडीच प्रमाण मानली: मिनिटास सुमारे 80 ठोके. चार मात्रांच्या रचनेत अतिद्रुत चालीस एका ठोक्यात दोन मात्रा. अतिविलंबितात एका मात्रेस चार ठोके. नाडी मात्र निरोगी, आनंदी मनुष्याची, भोजनोत्तर पाहावी. उदास मनुष्याची नाडी घेतल्यास चाल किंचित वाढवावी.

मेल्त्सेलच्या मेट्रोनोमला 1815 साली पेटंट मिळाले. बाख त्यापूर्वीच, 1750 साली निवर्तला होता. त्याच्या स्वरलिपीत मिनिटांचे आकडे नाहीत. म्हणून आजच्या वादकास ती लय नृत्याच्या पदन्यासात, गीताच्या शब्दांत आणि चर्चच्या घुमटाखालील प्रतिध्वनीत शोधावी लागते. घड्याळ काळ मोजते. लय ओळखण्याचे दायित्व अखेर माणसावरच राहते.