लोखंडातली भेसळ

भेसळ म्हटली की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. दुधात पाणी, डाळीत खडे! पण आज गोष्ट सांगायची आहे ती अशा एका भेसळीची, जिच्यावर जवळजवळ निम्म्या जगाचं जेवण उभं आहे.

हवेचे पाचातले चार भाग नायट्रोजन. पिकांना तो हवा असतो, पण बहुतेकांना हवेतून घेता येत नाही. २ जुलै १९०९ रोजी जर्मनीत कार्ल्सरूहे इथं फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून थेंब थेंब अमोनिया करून दाखवला. बीएएसएफ कंपनीचे कार्ल बॉश आणि आल्विन मिटाश पाहायला आले होते. ऐनवेळी यंत्राचा बोल्ट निखळला. बॉश निघून गेले, मिटाश थांबले. ते थेंब त्यांनी पाहिले.

या दोन वायूंची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ, म्हणजे उत्प्रेरक, होता ऑस्मियम. हा धातू अतिशय दुर्मीळ. मग मिटाश यांनी हजारो चाचण्या केल्या. शुद्ध लोखंड फारसं उपयोगी पडेना. स्वीडनमधलं एक लोहखनिज मात्र छान चाललं. गुण होता त्यातल्या भेसळीचा! लोखंडात ॲल्युमिना आणि पोटॅश मिसळून कृती पक्की झाली. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि खताचा हा अमोनिया स्फोटकांकडेही वळला.

शंभर वर्षांनंतरही मुख्यतः तेच लोखंड राबतं आहे. त्याला चारशे अंशांच्या आसपास उष्णता आणि हवेच्या शंभरपटीहून अधिक दाब लागतो. नुसता उत्प्रेरक बदलून धूर थांबणार नाही, कारण बराचसा कार्बन निघतो तो नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून हायड्रोजन काढताना. सूर्य-वाऱ्याच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढता येतो. पण सूर्य मावळतो, वारा पडतो, आणि प्रचंड कारखान्यांना अशी थांबा-चला सोसत नाही. कमी उष्णतेत, कमी दाबात चालणारा उत्प्रेरक इथं कामाचा.

रुथेनियम वापरून कॅनडातल्या किटिमॅटला १९९२ मध्ये कारखाना चालला; जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटानं २०१२ मध्ये त्याचं नवं रूप दाखवलं. पण रुथेनियम महाग. म्हणजे पुन्हा ऑस्मियमचाच पेच!

म्हणून शोध पुन्हा स्वस्त धातूंकडे वळला आहे. शेतकऱ्याला खत हवं, आणि त्याच्या नातवंडांना पाऊस वेळेवर हवा. दोन्ही जमवायचं, तर निघून न जाता थांबणारी माणसं आजही हवी आहेत.