अजिंठ्याचे जहाज समुद्रात

अजिंठ्यापासून समुद्र सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर दूर आहे. तरीही तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, साधारण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, चित्रकाराने भर समुद्रातले एक जहाज रंगवले. हा प्रसंग पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेतील मानतात. पूर्ण सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. चंदन आणायला गेलेला त्याचा भाऊ वादळात सापडतो, अशी ती कथा आहे.

कथा क्षणभर बाजूला ठेवून हे चित्र आपण नावाड्याच्या नजरेने पाहू. खोल समुद्रात जाणाऱ्या जहाजावर काय काय हवे? वारा धरायला शिडे हवीत. चित्रात तीन डोलकाठ्यांवर उंच, अरुंद शिडे आहेत. दिशा राखायला सुकाणू हवे. येथे ते काम मागच्या बाजूला, कडेला लावलेली मोठी वल्ही करतात. शिवाय मडकी ओळीने मांडलेली दिसतात.

या मडक्यांत पाणी होते की माल, हे चित्रावरून ठरत नाही. मात्र गरजेचा हिशेब मांडता येतो. 15 माणसे, 15 दिवस आणि माणशी रोज 3 लिटर पाणी धरले, तर 675 लिटर पाणी लागेल. 20 लिटरचे मडके धरल्यास 34 मडकी झाली! एवढे वजन उंचावर ठेवले तर जहाज कलंडण्याचा धोका वाढतो; तळाशी ठेवले तर तेच वजन जहाजाला सावरते.

चित्रकाराने पाण्याखालचा भाग दाखवलेला नाही, फळ्या कशा जोडल्या तेही नाही. ही अडचण 2023 मध्ये प्रत्यक्ष पुढे आली. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील 'होडी इनोव्हेशन्स' यांनी या चित्रावरून जहाज बांधायला घेतले. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. अशी शिवण लाटांच्या माऱ्याने थोडी लवते, चटकन तुटत नाही. चेन्नईच्या आयआयटीत प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. 21 मे 2025 रोजी कारवारला हे जहाज 'कौंडिण्य' नावाने नौदलात दाखल झाले. 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघून 14 जानेवारी 2026 रोजी ते मस्कतला पोहोचले.

यातून काय सिद्ध झाले? अशा बांधणीचे जहाज अरबी समुद्र ओलांडू शकते, एवढे नक्की. पण पंधराशे वर्षांपूर्वीचे जहाज हुबेहूब असेच होते, हे मात्र सिद्ध झाले नाही. चित्रात नसलेला भाग आजच्या लोकांनी तर्काने भरला आहे.

पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांना या चित्रापुढे थांबवून वहीत दोन रकाने आखायला सांगावे: 'चित्रात दिसते ते' आणि 'आपण धरून चालतो ते'. इतिहासाचा अभ्यास या दोन रकान्यांतला फरक ओळखण्यापासूनच सुरू होतो.