मामांची फाईल

गेल्या शनिवारी राहुरीला मामांकडे गेलो होतो. पुढच्या गुरुवारी पुण्यात त्यांचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन आहे. गेल्या बारा वर्षांत त्यांचं ऐकू येणं कमी कमी होत गेलं आणि आता चांगलं श्रवणयंत्र लावूनही शब्द कळत नाहीत. आम्ही वहीत लिहितो, मामा तोंडाने उत्तर देतात.

जेवण झाल्यावर मामांनी फाईल पुढ्यात टाकली. "कान एक अन् कागद पन्नास! कशाला रे एवढं?"

जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की ती उडवायच्या आधी आम्ही शोधतो, ही कुणी आणि का लिहिली? बहुतेक वेळा तिच्यामागे कधीतरी झालेला घोळ सापडतो. या फाईलचंही तसंच निघालं.

एक कागद होता वाक्यांच्या चाचणीचा. ऑडिओलॉजिस्ट तोंडापुढे पुठ्ठा धरून बोलतात, ते मामांना फार अपमानाचं वाटलं होतं. पण त्यामागे इतिहास आहे. २५ फेब्रुवारी १९५७ ला पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवण-मज्जातंतूला विजेची तार जोडली. त्याला आवाज आले, काही ओळखीचे शब्दही कळले, पण यंत्र लवकरच बंद पडलं. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाऊस यांनी कॉक्लिआत तार बसवली. तीही काढावी लागली, तरी त्यांनी नाद सोडला नाही. लोक म्हणायचे, नुसत्या आवाजाचा काय उपयोग? शेवटी अमेरिकन सरकारच्या पैशातून रॉबर्ट बिल्गर यांनी अशा १३ रुग्णांची तपासणी केली. अहवाल १९७७ मध्ये आला: ओठ वाचताना मदत होते, पण नुसतं ऐकून बोलणं समजत नाही. ओठ झाकले की खरं काय ते कळतं. म्हणून तो पुठ्ठा.

दुसरा कागद, सीटी आणि एमआरआय. मज्जातंतू आहे का, आणि शंखासारख्या कॉक्लिआत तार सरकायला वाट आहे का, हे आधी बघतात. ही तार आत कशी जाईल, हा ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅएम क्लार्क यांचाही प्रश्न होता. १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीत त्यांनी शंखात गवताची काडी सारून पाहिली. टोकाला लवचीक आणि मागे ताठ काडी वळत वळत आत गेली! १ ऑगस्ट १९७८ ला मेलबर्नमध्ये त्यांनी रॉड साँडर्स यांच्यावर ऑपरेशन केलं. साँडर्सही मामांसारखेच, आधी ऐकू येणारे. क्लार्क यांचे वडील स्वतः कमी ऐकायचे, हे मामांना वहीत लिहून दाखवलं तर ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले.

तिसरा कागद लशीचा. २००२ मध्ये लक्षात आलं की इम्प्लांट असलेल्या काहींना मेनिंजायटिस होतोय, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग. तेव्हापासून न्यूमोकोकसची लस घेण्यावर भर आहे.

आपल्याकडे मुंबईचे डॉ. मिलिंद किर्तने या शस्त्रक्रियेतले एक अग्रणी, त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी केंद्राच्या एडिप योजनेत इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंत मदत आली, पण ती लहान मुलांसाठी. वांद्र्याची अली यावर जंग संस्था ते काम बघते. मामांनी मात्र कॅनॉलकडेचा जमिनीचा तुकडा विकलाय.

शेवटचा कागद संमतीपत्राचा. मामांना अजून ट्रॅक्टरची घरघर तेवढी कळते. त्यांनी विचारलं, "उरलंसुरलं पण जाईल का?"

मी लिहिलं, "त्या कानातलं जाऊ शकतं. आणि नवीन आवाज सुरुवातीला यंत्रासारखा वाटेल. काही महिने सराव लागेल."

मामी आत भांडी घासत होती. मामा गप्प. वाटलं, आता नको म्हणतात.

"डाव्याच कानाचं करणार ना? मग उजवा राहू दे ट्रॅक्टरला," म्हणाले आणि सही ठोकली.

असो. यंत्र काही ऑपरेशनच्या दिवशीच चालू करत नाहीत, जखम भरल्यावर काही आठवड्यांनी करतात. त्या दिवशी पहिलं कोण बोलणार यावरून घरात आत्ताच भांडण सुरू आहे. माझं मत मामीला.