नांदेडचा गोल्ड कप आणि हॉकीचा जमाखर्च

पौष शुद्ध सप्तमी, म्हणजे गुरू गोविंदसिंघांची जयंती, जवळ आली की नांदेडच्या खालसा हायस्कूलच्या मैदानावर फक्कीच्या रेषा पडतात आणि देशभरातले हॉकी संघ गावात उतरू लागतात. अखिल भारतीय गुरू गोविंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कप ही स्पर्धा दुष्ट दमन क्रीडा युवक मंडळ भरवते. सत्तरच्या दशकात रुजलेला हा पायंडा अजून मोडलेला नाही. लष्कर, सीमा सुरक्षा दल, रेल्वे यांचे संघ, पंजाबातले आणि हैदराबादेकडचे संघ इथे खेळतात. हिशेबाच्या वहीत बघितले तर हे घडायलाच नको होते. मराठवाड्यात हॉकी कुणी गल्लीत खेळत नाही, मोठे प्रायोजक नाहीत, टीव्हीचे हक्क विकत घेणारा कुणी नाही. उलट ज्या मुंबई-पुण्यात प्रेक्षक, पैसा आणि कॅमेरे तिन्ही आहेत, तिथले हॉकी संघ एकापाठोपाठ एक बुडाले. यावरून माझे म्हणणे असे की, खेळ टिकतो की नाही हे बाजारपेठ किती मोठी यावर ठरत नाही. त्याचा खर्च ‘आपला’ मानणारे कोणी आहे का, यावर ते ठरते. नांदेडला असे लोक आहेत आणि मुंबईच्या संघांना ते मिळाले नाहीत.

आधी बुडालेल्यांचे पाहू. 2005 मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली, तिच्यात मराठा वॉरियर्स नावाचा संघ होता. खडकीत वाढलेला धनराज पिल्ले त्यात होता, म्हणजे नावही आपले आणि माणूसही आपला. पण पहिला सगळा हंगाम हैदराबादेत खेळला गेला. ज्यांच्या नावाने संघ उभा केला, त्यांच्या दारात तो आलाच नाही. 2008 नंतर लीगच आटोपली. मग 2012 ची वर्ल्ड सिरीज हॉकी आली. तिच्यात पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स हे दोन संघ होते, आणि तिचा एकच हंगाम झाला. 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, मुंबई मॅजिशियन्स आले. रिक चार्ल्सवर्थसारखा जगातला नामांकित प्रशिक्षक होता, तरी पाकिस्तानी खेळाडूंवरून मुंबईत निदर्शने झाली, त्या खेळाडूंना घरी पाठवावे लागले आणि संघ दोन्ही हंगामांत तळाशी राहिला. त्याच्या जागी दबंग मुंबई आला. हा संघ 2017 ला अंतिम फेरीपर्यंत गेला, तिथे कलिंगा लान्सर्सकडून 4-1 ने हरला, आणि त्यानंतर लीगच बंद पडली. 2024 च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. हरणाऱ्या संघाकडे लोक पाठ फिरवतात, हे स्पष्टीकरण इथे पुरत नाही, कारण अंतिम फेरी गाठलेला संघही वाचला नाही. मालकाला गुंतवणुकीवर परतावा हवा होता, आणि तो येत नाही असे दिसताच त्याला थांबवून धरणारे दुसरे कारण नव्हते.

नांदेडला ते दुसरे कारण इतिहासातून आले आहे. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंघांनी गोदाकाठी देह ठेवला. 1832 ते 1837 या काळात महाराजा रणजितसिंगांच्या मदतीने आजच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची इमारत उभी राहिली. त्याच सुमारास निजामाच्या राज्यात ‘लाहोरी फौज’ म्हणून ओळखले जाणारे शीख शिपाई आले आणि दख्खनचेच झाले. नांदेडचे दख्खनी शीख मराठी बोलतात, त्यांच्या हिंदीला हैदराबादी वळण आहे, पण फौजेशी आणि पंजाबशी त्यांचे नाते तुटलेले नाही. हॉकीही हिंदुस्थानात छावण्यांतून पसरली. सिकंदराबादची छावणी नांदेडला रेल्वेने जोडलेली होती. 1948 च्या मुक्तीनंतर संस्थान गेले, पुढे 1956 च्या कायद्याने गुरुद्वाऱ्याच्या कारभाराला मंडळ मिळाले. म्हणजे सत्तरीत ही स्पर्धा आली तेव्हा शाळेचे मैदान, यात्रेकरूंसाठी बांधलेल्या खोल्या आणि अहोरात्र चालणारा लंगर हे सगळे आधीपासूनच तयार होते. बाहेरगावच्या पंधरा-वीस जणांच्या चमूचा मोठा खर्च असतो तो राहण्याचा आणि जेवणाचा. ज्या गावात कुणालाही न विचारता पंगतीत बसवतात, तिथे तो खर्च फारसा उरत नाही. खेळाडूंचा पगार तर त्यांच्या खात्याचा. मग मंडळाकडे राहते ते बक्षीस, करंडक, पंच आणि मैदान. त्यातही एकेक बक्षीस एकेका दात्याच्या नावे असते. तिकीटविक्रीचा आकडा या जमाखर्चात कुठेच येत नाही.

मराठवाड्याला हा जमाखर्च अनोळखी नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड नेमका असाच चालतो. आधी पोरांच्या कुस्त्या, त्या नारळावर नाहीतर रेवड्यांवर. दुपार उलटली की इनाम वाढत जाते, हलगी चढते, फेटेवाले कारभारी जोड लावतात, आणि माइकवरचा माणूस कुस्तीबरोबरच इनाम देणाऱ्याचे नावही पुकारतो. शेवटच्या मानाच्या कुस्तीचे इनाम गावच्या वर्गणीचे किंवा एखाद्या वजनदार माणसाचे असते. प्रेक्षकाच्या खिशाला तिथे चाट बसत नाही. त्याचे काम गर्दी करायचे, कारण गर्दी असली की देणाऱ्याला देण्यात रस राहतो. गोल्ड कप ही हॉकीच्या कपड्यातली जत्राच आहे, आणि हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. फ्रँचायझीत मालक बदलला की संघाचे नाव बदलते, रंग बदलतो. जत्रेत एक देणारा हटला तर पुढच्या वर्षी दुसरा पुढे येतो आणि तिथी कुणाच्या मर्जीवर नसते.

यावर पहिला आक्षेप असा की, शीख वस्ती असलेले नांदेड हॉकीसाठी परके कसे? पंजाबचाच एक तुकडा गोदाकाठी आहे, तिथे हॉकी टिकली यात नवल काय? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. श्रद्धेने खेळ आपोआप टिकत असता तर प्रत्येक तीर्थक्षेत्री एक स्पर्धा दिसली असती. शिवाय नांदेडात शीख समाज संख्येने थोडाच आहे. शहराने हा कप आपल्या दिनदर्शिकेत घेतला म्हणून तो चालला. दुसरा आक्षेप पुढाऱ्यांचा. बक्षिसांवर राजकीय नावे येतात, उद्घाटनाला तेच, समारोपाला तेच. हे खरे आहे आणि कधीकधी कंटाळवाणेही आहे. पण दबंग मुंबईच्या मालकालाही आपले नाव झळकावेसे वाटतच होते. फरक इतकाच की पुढाऱ्याला पाच वर्षांनी पुन्हा त्याच गावात यायचे असते.

तिसरा आक्षेप मात्र खरा जड आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आठवडाभराची स्पर्धा आणि वर्षभर चालणारा संघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नांदेडने स्पर्धा टिकवली, पण नांदेडचा असा संघ उभा केला का, जो जालंधरला जाऊन जिंकेल? तसा संघ झाला नाही. जत्रेचे अर्थशास्त्र इथेच अडते, आणि हे कुस्तीनेही दाखवले आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले, 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणले. लातूरने त्यांना जन्म दिला, पण घडवले कोल्हापूरच्या गंगावेस तालमीने. जत्रा एका दिवसाचे इनाम देते. वर्षाचा खुराक, वस्ताद आणि रोजची तालीम यांना राजाश्रय लागतो, आणि तो शाहू महाराजांनी कोल्हापूरला देऊन ठेवला होता. मराठवाड्यात निजामाने तालमींना तसे काही दिले नाही. त्यामुळे इथे देण्याची रीत आहे, पोसण्याची नाही.

त्यात आधुनिक हॉकीने पोसणे आणखी महाग केले. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. मातीवर चेंडू उसळतो, खेळाडूला काठी तिरपी धरून तो दाबावा लागतो आणि मनगटाचे कसब उपयोगी पडते. हिरवळीवर चेंडू सरळ आणि वेगात जातो, तिथे दम आणि मांडणी लागते. खालसा हायस्कूलच्या मैदानावर वाढलेल्या पोराला तो खेळ नव्याने शिकावा लागतो. असे मैदान घालायला काही कोटी लागतात, शिवाय सामन्याआधी त्याच्यावर हजारो लिटर पाणी फवारावे लागते. लातूरला हे कुणी कसे सांगावे? एप्रिल 2016 मध्ये त्या शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. घागरींच्या रांगा लागलेल्या गावात मैदान भिजवायचा ठराव कोणता नगरसेवक मांडेल? इथे हॉकी का नाही याचे उत्तर आवडीनिवडीत शोधण्याआधी या टँकरच्या हिशेबात शोधले पाहिजे.

एवढे असूनही, बाजार हॉकीला तारतो या समजुतीला पुरावा मिळत नाही तो नाहीच. 2018 मध्ये सहारा बाजूला झाल्यावर भारतीय संघाचे प्रायोजकत्व ओडिशा सरकारने घेतले, आणि मुदत वाढवत नेली. राउरकेलाचे बिरसा मुंडा स्टेडियम 2023 च्या विश्वचषकासाठी सरकारनेच बांधले. म्हणजे राष्ट्रीय संघालाही अखेर आश्रयच लागला, फक्त देणारा दात्याऐवजी राज्य सरकार निघाले. लातूर-नांदेडच्या पोराच्या वाट्याला ओडिशा नाही. त्याच्यासमोर पुण्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, पोलीस आणि रेल्वेची भरती आहे, आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी राखीव 5 टक्के जागा आहेत. शिकवण्यांसाठी घर गहाण ठेवणाऱ्या लातूरच्या बापाला हॉकीची काठी विकत घ्यायला लावेल तर ही टक्केवारीच लावेल. म्हणून मराठवाड्यात हॉकीचा संघ उभा राहायचाच असेल, तर तो भावी फ्रँचायझीच्या नावाने नव्हे, नांदेड रेल्वे विभागाच्या किंवा पोलीस दलाच्या हजेरीपटावर उभा राहील, आणि त्याचा पहिला मोठा सामना बहुधा खालसा हायस्कूलच्याच मैदानावर, विनातिकीट होईल.