पिंजरा, पट्टा आणि सीटबेल्ट : साइड-बाय-साइड गाडीची गोष्ट

मागच्या भागात आपण लष्करातली जीप युद्धानंतर शेतावर कशी आली ते पाहिलं. आज तिच्याहून लहान आणि वयानं पुष्कळ धाकटी गाडी घेऊ. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, मोटारीसारखं स्टिअरिंग असतं, टायर जाडजूड आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. अमेरिकेत तिला साइड-बाय-साइड म्हणतात. आपल्याकडे रिसॉर्टवर कोणी बग्गी म्हणतं, कोणी सरसकट एटीव्ही.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. गेल्या दिवाळीत आम्ही इंदूरहून सह्याद्रीतल्या एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. माझ्या बारा वर्षांच्या नातीला अशा गाडीत बसायचं होतं. चालवणार मी, ती शेजारी. मी सीटबेल्ट ओढला आणि बकलात घालायला गेलो, तर बकलात आधीच एक क्लिप बसलेली. पट्टा नाही, नुसती क्लिप. कुठल्या तरी जुन्या बेल्टची कापून काढलेली.

गाडी देणाऱ्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, बेल्ट नाही लावला की बझर वाजतो आणि गाडी पळत नाही. गिऱ्हाईक कटकट करतं. म्हणून ती टाकून ठेवलीय."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला कोणी तरी तसंच शिकवलं होतं. पण मी तीस वर्षं तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवलंय, त्यामुळे ती क्लिप काही डोक्यातून जाईना. गाडीतला तो बझर आला कुठून? कोणाला, कशामुळे तो बसवावासा वाटला? हाच आजचा इतिहास आहे.

सुरुवात ट्रॅक्टरपासून करू. ट्रॅक्टर उतारावर किंवा बांधावर उलटला की चालक त्याखाली चिरडला जाई. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत चौकट बसवणं सक्तीचं केलं. गाडी उलटली तरी चालकाच्या भोवती जागा शिल्लक राहावी, एवढाच तिचा उद्देश. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी त्याच देशात व्होल्वो कंपनीतले अभियंते निल्स बोलिन यांचा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट मोटारीत आला. चौकट जागा राखते आणि बेल्ट माणसाला त्या जागेत धरून ठेवतो. चौकट आहे पण बेल्ट नाही, तर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच चौकट त्याच्या अंगावर येते. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याभोवती फिरते.

आता १९७० सालात येऊ. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप थंडावतो, तेव्हा अमेरिकेतल्या विक्रेत्यांना बर्फातही विकता येईल असं काही तरी हवं होतं. होंडाचे अभियंते ओसामू ताकेउची यांनी तीन चाकांची गाडी तयार केली. तिला फुग्यासारखे मोठे, अगदी कमी हवेचे टायर होते. हवा कमी म्हणून टायर पसरतो, पसरतो म्हणून वाळूत आणि बर्फात रुतत नाही. पुढच्याच वर्षी ही गाडी जेम्स बाँडच्या चित्रपटात झळकली. लोक तिच्यावर खूश झाले.

पण तिचं वळणं सोपं नव्हतं. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट, म्हणून वळताना बसणाऱ्याला आपलं अंग कलवून तोल सांभाळावा लागे. त्यात मोटारसायकलची सवय आडवी येई. गाडी कलली की आपण पाय टेकवतो ना? इथे पाय टेकवला की मागचं चाक त्याच पायावर चढायचं. अपघात वाढत गेले, त्यात लहान मुलंही होती. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेचं सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत करार झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली. वयाचे इशारे आणि खरेदीदारांना प्रशिक्षण देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. तोवर चार चाकांची, पण मोटारसायकलसारखी टांग टाकून बसायची एटीव्ही बाजारात आलेलीच होती.

त्याच सुमाराला कावासाकीने म्यूल नावाची गाडी आणली. म्यूल म्हणजे खेचर, आणि काम खेचराचंच. मागे हौदा, पुढे दोघांची बैठक, चाल संथ. कुंपणाचे खांब न्या, चारा न्या. पंधराएक वर्षं ही जात अशीच शेतावर गुमान राबत होती.

२००३ च्या अखेरीस यामाहाची ऱ्हायनो आली आणि चित्र पालटलं. बैठक शेतातल्या गाडीची, पण वेग आणि उड्या मौजेच्या. लोकांना वाटलं, डोक्यावर पिंजरा आहे, स्टिअरिंग आहे, म्हणजे ही मोटारच. पण मोटारीपेक्षा ती अरुंद, आणि अरुंदपणाच्या मानाने उंच. कोणतीही गाडी वळताना बाहेरच्या बाजूला कलते. रुंदी कमी आणि उंची जास्त असली की ते कलणं लवकर पलटीपर्यंत जातं. आणि गाडी कलू लागली की आत बसलेला माणूस नकळत हात किंवा पाय बाहेर काढतो. तीच जुनी सवय. फक्त या वेळी वरून पिंजरा येतो.

३१ मार्च २००९ ला अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कंपनीसोबत या गाड्यांची मोफत दुरुस्ती जाहीर केली. आयोगाने तपासलेल्या ५० हून अधिक घटनांमध्ये ४६ माणसं दगावली होती. दोन तृतीयांशांहून अधिक घटना पलटीच्या, आणि अनेकांनी बेल्ट लावलेला नव्हता. मला सर्वांत विचार करायला लावणारी नोंद अशी, की यांतल्या अनेक पलट्या सपाट जमिनीवर, फारसा वेग नसताना, वळण घेताना झालेल्या दिसत होत्या. म्हणजे कडा नाही, दरी नाही. साधं मैदान.

दुरुस्ती काय होती? मागच्या चाकांना स्पेसर लावून गाडी रुंद केली आणि मागचा अँटी-स्वे बार काढून टाकला, म्हणजे वळणावर मागची बाजू अचानक घसरून वळण आवळलं जाऊ नये. त्याआधी २००७ मध्येच कंपनीने दारं आणि शेजाऱ्यासाठी जादा मूठ देऊ केली होती. दार कशासाठी? वारा अडवायला नव्हे, पाय आत राहावा म्हणून. मूठ कशासाठी? शेजाऱ्याच्या हाताने पिंजऱ्याची नळी न धरता ती मूठ धरावी म्हणून.

पुढे आयोगाने २००३ ते २०११ या काळातल्या ४२८ घटनांचा अभ्यास केला. त्यांत २३१ मृत्यू होते. २९१ घटनांत गाडी आडवी पलटली होती. २०१४ मध्ये आयोगाने नियमाचा मसुदा मांडला. त्यात एक कलम होतं : पुढच्या सीटवरच्यांनी बेल्ट लावला नसेल, तर गाडी ताशी १५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. त्यानंतर २०१६ मध्ये उद्योगाने आपली स्वतःची मानकं सुधारली.

म्हणजे पोराला कटकटीचा वाटणारा तो बझर आणि ती न पळणारी गाडी यांच्यामागे असा इतिहास आहे.

आता देखभालीकडे येऊ, तिलाही इतिहास आहे. या गाड्यांत बहुधा गिअर बदलावे लागत नाहीत. दोन पुली आणि त्यांच्यात रबरी पट्टा. ही कल्पना मोटारीत रुजवली नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने. १९५८ मध्ये लोकांसमोर आलेली तिची लहान मोटार जितक्या वेगाने पुढे जाई, तितक्याच वेगाने मागेही जाऊ शके, म्हणून तिथे उलट्या शर्यतीही रंगल्या. तोच पट्टा बर्फावरच्या गाड्यांतून इथे आला. त्याचे दोन शत्रू, उष्णता आणि पाणी. चढावर किंवा ओझं ओढताना गाडी हळू चालणार असेल, तर लो रेंज टाका. हाय रेंजमध्ये रेटली तर पट्टा पुलीवर घसरतो, तापतो आणि जळका वास येतो. तो वास आला की थांबा, इंजिन बंद करून पट्ट्याच्या डब्याला निवू द्या. ओढ्यात डब्यात पाणी शिरलं तर पट्टा घसरतो. डब्याला पाणी काढायची बुच असते, ती उघडून पट्टा वाळेपर्यंत गाडी दामटू नका.

दुसरं, एअर फिल्टर. धुळीत तो एका दिवसातही भरतो. कागदी फिल्टर जोरदार हवेच्या नळीने फुंकू नका. कागद फाटतो, धूळ थेट सिलिंडरात जाते आणि पिस्टनच्या रिंगा खाऊन टाकते. तिसरं, टायर. १९७० पासूनचं गणित तेच, कमी हवा. पंक्चरवाल्याला मोटारीइतकी हवा भरू देऊ नका. गाडीवरच्या स्टिकरवर आकडा लिहिलेला असतो, तो टायर थंड असताना भरा, चारही चाकांत नीट. चौथं, चाकांचे नट आणि बेअरिंग. चाक वर उचलून हलवून बघा, खडखडलं तर गाडी बाहेर काढू नका. पाचवं, पिंजरा. एकदा पलटी खाऊन वाकलेला पिंजरा ठोकून किंवा वेल्डिंग करून चालवू नये, बदलावा. तसंच उसवलेल्या सीटबेल्टचं.

आपल्या देशात हे ज्ञान नवीन नाही. आमच्या इंदूरजवळ पिथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा स्पर्धा सुरू झाली. गाडी एकाच माणसाची, पण पोरं स्वतः पिंजरा वेल्ड करतात. परीक्षक नळीची जाडी मोजतात, वेल्ड तपासतात, हार्नेस ओढून बघतात, आणि यात नापास झालेली गाडी कितीही पळणारी असली तरी मैदानात उतरत नाही. तिथे विशीतल्या मुलांना जे कळतं, ते पैसे घेऊन गाडी फिरवणाऱ्याला कळू नये असं काही नाही. फक्त कोणी तरी सांगायला हवं.

चालवतानाची पथ्यं थोडी आहेत. वळणाआधी वेग कमी. उतारावर आडवं जायचं नाही, सरळ चढायचं, सरळ उतरायचं. हेल्मेट घालायचं. ज्याचे पाय बैठकीत पाठ टेकून खाली पोचत नाहीत त्या मुलाला बसवायचं नाही. गाडी कलली तरी हातपाय आत. आणि डांबरी रस्त्यावर न्यायची नाही. तिथे नोंदणी नसलेल्या गाडीला परवानगी नाही आणि हे टायरही त्यासाठी नाहीत.

त्या दिवशी मी क्लिप काढली आणि पोराच्या हातात दिली. नातीला सीटवर बसवून तिचे पाय टेकतात का पाहिलं, टेकत होते. दोघांचे बेल्ट लावले, हेल्मेट मागून घेतली. बझर वाजलाच नाही. वीस मिनिटं फिरून आलो, ती अगदी आनंदात. पोरगा म्हणाला, "आजोबा, पण मालकाला काय सांगू?" मी म्हटलं, "बेल्ट लावला की बझर आपोआप गप्प होतो, एवढंच सांग." त्याने क्लिप खिशात टाकली. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने बेल्ट लावायला सांगितलं, तेवढं मी थांबून पाहिलं.

तुम्ही कुठे अशी गाडी भाड्याने घेतलीत, तर चावी फिरवण्याआधी बकलात बोट घालून बघा. रिकामं असलं पाहिजे. भेटू पुढच्या भागात.