कापसाच्या मुलखांतील वकिली

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु कापसाच्या पाठोपाठ या मुलखांत आणखी एक पीक आलें, तें दिवाणी दाव्यांचें! अमरावती व अकोला येथील वकीलवर्गाच्या उत्कर्षाचा उगम शोधूं गेल्यास तो बाजारांत उभ्या राहिलेल्या कापसाच्या गाड्यांपर्यंत जाऊन पोहोंचतो.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि विलायतेच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचा भाव चढला. त्याच सुमारास आगगाडी वऱ्हाडांत आली. कुणब्याच्या हातीं पैसा खेळूं लागला आणि त्या भरंवशावर सावकारानें थैली मोकळी सोडली. १८६५ त युद्ध संपलें. मुंबईंत शेअरांच्या व्यापाराचा डोलारा कोसळून प्रेमचंद रायचंदांसारख्या बड्या धनिकाचेंही दिवाळें वाजलें. कापसाचे भाव उतरले. मात्र कर्जरोख्यांवरील आंकडे उतरले नाहींत.

लबाडी तर तेजीच्या दिवसांतच शिरली होती. कापूस पाण्यानें भिजवावा, त्यांत सरकी व माती मिसळावी, असे प्रकार इतके बोकाळले कीं, मुंबई सरकारास १८६३ सालीं खास कापसांतील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. वऱ्हाडची स्थिति आणखी चमत्कारिक होती. मुलूख कायद्यानें निजामाचा, कारभार इंग्रजांचा. यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानांतील कायदे तेथें वेगळ्या हुकुमानें लागू करावे लागत. अमुक कायदा वऱ्हाडांत चालतो कीं नाहीं, हाच कधीं कधीं पहिला वादाचा मुद्दा होई.

अशा काळांत रावबहादूर र. न. मुधोळकर यांनीं अमरावतीस वकिलींत नांव मिळविलें. त्यांचा जन्म १८५७ सालीं धुळें येथें झाला व उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत. त्यांच्या पिढीच्या वकिलांसमोर येणारे प्रश्न मोठे बिकट असत. सौदा खरा कीं सट्टा? १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें पैजेचा करार रद्द ठरतो. म्हणून वायद्याच्या व्यवहारांत माल खरोखर द्यावयाचा होता, कीं केवळ भावांतील फरकच चुकवावयाचा होता, हें हिशेबाच्या वह्यांवरून शोधावें लागे. कुणब्यानें कागदावर अंगठा उठविला हें खरें. पण तो समजून उठविला काय? १८९९ च्या दुरुस्तीनें या दुसऱ्या प्रश्नास बळकटी आली. ज्याचा दुसऱ्याच्या मनावर पगडा आहे, त्यानें केलेला करार उघड अन्यायाचा दिसल्यास तो दाबानें झाला नाहीं हें सिद्ध करण्याचा बोजा त्याच्याच शिरावर आला.

नादारीची गोष्ट याहूनही नाजूक. १९०७ च्या प्रांतिक नादारी कायद्याचा हेतु दुहेरी होता. प्रामाणिक ऋणको आपलें सर्वस्व कोर्टाच्या हवालीं करील तर त्यास पुन्हां उभें राहतां यावें. आणि लबाडास पळवाट सांपडूं नये. म्हणून नादारीच्या आधीं दोन वर्षांच्या आंत योग्य मोबदल्यावांचून दुसऱ्याच्या नांवें केलेली मिळकत परत ओढतां येई, व अर्जापूर्वी तीन महिन्यांच्या आंत एकाच सावकारास झुकतें माप दिल्यास तेंही रद्द करतां येई. कायद्याचें हें कलम वाचणें सोपें. पण मेहुण्याच्या नांवें झालेली विक्री खरी कीं देखाव्याची, हें ठरविणें कठीण.

परंतु दावा जिंकल्यानें गेलेली पत परत येत नाहीं. मुधोळकरांच्या चरित्राचा उत्तरार्ध या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. १८९० त कांग्रेसच्या शिष्टमंडळांतून ते विलायतेस गेले. १९०५ सालीं काशीस भरलेल्या औद्योगिक परिषदेचें काम चिटणीस या नात्यानें त्यांनीं वाहिलें. १९१२ सालीं बांकीपूर कांग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १९२१ सालीं ते निवर्तले. कोर्टांत पोहोंचणारें भांडण हें रोगाचें शेवटचें लक्षण होय. त्याचें मूळ भांडवलाच्या व धंद्याच्या अभावीं आहे, हें त्या काळच्या वऱ्हाडांत जितकें स्पष्ट दिसे तितकें क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

बाजार सुधारण्याचे प्रयत्नही तेथेंच झाले. १८८६ सालीं कारंजा येथें नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ त वऱ्हाडकरितां कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. दलाल व मापारी यांस परवाने आले; बाजारावर कमिटीची देखरेख आली. मात्र त्या कमिट्यांत वजन व्यापाऱ्यांचें. ज्याचा कापूस तोलावयाचा तो कुणबी बाहेरच राहिला. १९२८ सालीं शाही शेतकी कमिशननें या उणिवेकडे बोट दाखविलें. पुढें बाजारसमितींत शेतकऱ्यास स्थान मिळालें व महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानें तें पक्कें झालें.

व्यापाराचा कायदा हा अखेर विश्वासाचा कायदा होय. विश्वास मोडला कीं वकील लागतो. तो मोडूं नये म्हणून चोख तराजू लागतो, समजणारा कागद लागतो आणि त्या कागदावर सही करणाऱ्यास वाचतां यावें लागतें. वऱ्हाडच्या कोर्टांतील जुन्या दप्तरांचा सारांश सांगावयाचा झाल्यास तो एवढाच आहे.